जाळ्याचे घर किती बोटांचे?

वाळवा तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावी हिरवळीच्या खतांची सभा होती. उसाच्या रानाचा कस उतरत चालला आहे, तेव्हा खोडवा मोडल्यावर एकदा ताग पेरा आणि फुलोऱ्यावर आला की गाडून टाका, असे आम्ही सांगत होतो. सभा संपली, चहा झाला. मागच्या रांगेत बसलेले एक वृद्ध गृहस्थ काठी टेकत जवळ आले. जातीने भोई, वय ऐंशीच्या पुढे. सारे गाव त्यांना आबा म्हणते.

आबा म्हणाले, "सायेब, तुमी ताग गाडायला सांगताय. आमच्या बाच्या वक्ताला आमी त्यो इणत हुतो."

मी शेतकीचा पदवीधर. ताग हे वाखाचे पीक आहे, हे पुस्तकात वाचून परीक्षेत लिहिलेही होते. पण तागाचे विणलेले काही हातात धरल्याचे आठवत नव्हते. आबांनी मला घरी नेले. माजघरातल्या खुंटीवरून एक काळपट तांबूस गाठोडे काढले आणि ओसरीवर पसरले. ते मासे धरायचे जुने जाळे होते. वडिलांच्या हातचे. आता ते पाण्यात घालण्याजोगे उरलेले नाही. बोट लावले तर दोरा तुटतो.

"ह्याचं घर मोजा," आबा म्हणाले. मी सेंटिमीटरची पट्टी शोधू लागलो. आबा हसले. त्यांनी आपली चार बोटे जुळवून जाळ्याच्या एका भोकात घातली. चारही बोटे बरोबर बसली.

"चार बोटांचं घर. ह्यातनं जो निसटंल त्यो पुढल्या सालाचा."

त्या एका वाक्यासाठी हा लेख लिहीत आहे.

तागाचा दोरा

आज आपण ताग पेरतो तो गाडण्यासाठी. पेरल्यापासून दीड महिन्याच्या सुमारास तो फुलावर येतो आणि आपण नांगर घालतो. वाखासाठी ठेवलेला ताग मात्र आणखी महिना-दीड महिना उभा राहू देत. शेंगा धरल्या की कापायचा, पाने झडू द्यायची, पेंढ्या बांधायच्या आणि डबक्यात किंवा नदीच्या संथ पाण्यात दगड ठेवून बुडवायच्या. आठवडाभरात साल कुजून सुटी होते. मग ती सोलून, पाण्यात आपटून धुवायची आणि वाळवायची. उरतो तो पांढुरका, चिवट वाख. त्याचेच दोर, कासरे आणि चऱ्हाटे होत. अंबाडीचा वाखही असाच निघतो.

जाळ्यासाठी मात्र दोर चालत नाही, दोरा लागतो. आबांच्या घरी बायका वाख विंचरून टकळीवर बारीक सूत काढत. दोन किंवा तीन पदरी पीळ पुरुष देत. पीळ सैल पडला तर जाळ्याचा बोळा होतो, फार घट्ट झाला तर दोरा आपोआप गुंडाळतो. म्हणून पिळाचे काम घरातल्या जाणत्याकडे असे. पुढे बाजारात कापसाचा गिरणीचा दोरा मिळू लागला आणि टकळी बंद पडली.

ताग आणि कापूस यांचा एक गुण मोठा आहे. ओले झाल्यावर त्यांचे बळ कमी होत नाही, उलट थोडे वाढते. पण दोषही तसाच मोठा. पाण्यात ते कुजतात. म्हणून जाळे विणून झाले की त्याला साल पाजत. बाभळीची साल कुटून मोठ्या भांड्यात उकळायची आणि त्या तांबड्या पाण्यात जाळे रात्रभर भिजवायचे. डोंगराकडे, जावळी-पाटणच्या बाजूला, हिरडा मुबलक. तोही याच कामाचा. कातडे कमावताना जे तुरट द्रव्य चामड्याला टिकवते, तेच दोऱ्यालाही टिकवते. दर काही दिवसांनी जाळे सावलीत वाळवायचे आणि हंगामात दोन-तीनदा पुन्हा साल पाजायची. आबांचे जाळे तांबूस दिसत होते ते यामुळे.

तेव्हा जाळे म्हणजे आधी शेतातले पीक, मग बांधावरच्या बाभळीची साल, मग घरातल्या बायकांची टकळी आणि शेवटी भोयाची सुई. शेतकरी ताग देई, भोई मासे देई. आबांच्या लहानपणी हा व्यवहार बऱ्याच अंशी पैशाशिवाय चाले.

सुई, पट्टी आणि गाठ

जाळे विणायला लागतात दोनच हत्यारे, दोन्ही बांबूची. एक सुई. ही कापड शिवायच्या सुईसारखी नसते. वीतभर लांब, चपटी, मध्ये जीभ कोरलेली असते आणि त्या जिभेभोवती दोरा गुंडाळून ठेवतात. दुसरी पट्टी. तिच्या रुंदीवर जाळ्याचे घर ठरते. जाळ्याच्या भोकाला आबा घर म्हणतात. मत्स्यखात्याच्या कागदात त्यालाच आस म्हणतात.

डाव्या हातात पट्टी धरायची. दोरा पट्टीवरून घेऊन सुई वरच्या ओळीतल्या घरातून काढायची, दोरा अंगठ्याने दाबायचा, घराच्या मानेमागून सुई फिरवून फासातून ओढायची. एक गाठ झाली. अशा हजारो गाठी. मधली एक गाठ सरकणारी निघाली तर तेवढे घर मोठे होते, शेजारचे लहान होते, आणि सारा मासा त्याच वाटेने जातो.

आपल्याकडे सर्वांच्या ओळखीचे जाळे म्हणजे पाग, फेकून टाकायचे गोल जाळे. त्याची सुरुवात शेंडीपासून होते. शेंडीला थोडीच घरे घालायची आणि खाली येताना ठराविक फेऱ्यांनी घरे वाढवत न्यायची. पुरे झाले की ते मोठ्या छत्रीच्या आकाराचे होते. खालच्या काठाला शिशाच्या गोळ्या ओवतात. काठ आतल्या बाजूला मुडपून जागोजाग बांधतात, म्हणजे आत खिसे तयार होतात. शेंडीला लांब दोरी असते, तिचा फास डाव्या मनगटात राहतो.

पाग टाकणे ही कसरत आहे. जाळ्याचा एक भाग कोपरावर, एक खांद्यावर, उरलेला उजव्या हातात. कमरेतून गिरकी घेऊन सोडले की ते हवेत पूर्ण उघडले पाहिजे आणि शिसे चोहोबाजूंनी एकाच वेळी पाण्यावर पडले पाहिजे. वेळ चुकली तर मासा पळतो. मग दोरी हळूहळू ओढायची. शिसे तळाशी घासत जवळ येते, काठ मिटतो आणि मासा खिशात सापडतो. घाई केली तर काठ तळापासून उचलतो आणि मासा खालून जातो. आबा म्हणाले, "पाग टाकाया ताकद लागती, वडाया धीर लागतो."

दुसरे उभे जाळे. सायंकाळी ते संथ पाण्यात आडवे लावायचे आणि पहाटे काढायचे. वरच्या दोरीला तरंगे, खालच्या दोरीला वजन, म्हणजे पाण्यात जाळ्याची भिंत उभी राहते. तरंगे पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचे किंवा वाळल्या भोपळ्याचे. वजन नदीतल्या गोट्यांचे. मासा घरात डोके घालतो. लहान असेल तर आरपार जातो. फार मोठा असेल तर थडकून परततो. मधल्या मापाचा असेल तर पुढे जाता येत नाही आणि मागे सरताना कल्ल्याशी दोरा अडकतो. म्हणजे कोणता मासा धरायचा आणि कोणता सोडायचा, हे नदीत उतरण्यापूर्वी, पट्टी हातात घेतानाच ठरलेले असते.

गळ, सापळा आणि सांगड

गळ सर्वांना ठाऊक आहे. बांबूची काठी, दोरा, लोखंडी आकडा आणि पाण्यावर तरंगणारा ज्वारीच्या धाटाचा तुकडा. वांब धरायची तर गांडूळ, मरळ धरायची तर लहान बेडूक किंवा मासोळी, कळपाने फिरणाऱ्या माशांना कणीक किंवा शेंगदाण्याची पेंड. लांब दोरीला हातहात अंतरावर अनेक गळ बांधून ती रात्रभर पाण्यात सोडायचीही रीत आहे.

सापळे बांबूच्या काड्यांचे. शिराळा, पाटण, जावळी या भाताच्या मुलखात त्यांचा वापर जास्त. आकार लांबट टोपलीसारखा, तोंड रुंद, आणि तोंडातून आत वळवलेल्या काड्यांचे नरसाळे. मासा पाण्याच्या ओढीने आत जातो. परत फिरला की काड्यांची टोके आडवी येतात. खाचराच्या बांधाला पाणी जायला जी मोरी असते, तिथे हा सापळा लावून घरी यायचे आणि सकाळी उचलायचा. गावोगाव त्याची नावे वेगळी आहेत, युक्ती एकच.

पात्रात शिरायला नाव सर्वांकडे नसे. वाळलेले भोपळे बांधून केलेली सांगड असे. आणि आपल्या गुऱ्हाळांच्या मुलखात काहील असे. गूळ शिजवायची ही कढई पाण्यावर उत्तम तरंगते. कितीएक लोक काहिलीत बसून वारणा आणि कृष्णा उतरले आहेत. आज तिच्या जागी ट्रकची फुगवलेली ट्यूब किंवा थर्मोकोलचा तराफा दिसतो.

भोई समाज एके काळी पालखी वाहत असे, नदीत मासे धरत असे, उन्हाळ्यात पात्रातल्या वाळूत कलिंगडे आणि खरबुजे पिकवत असे, कोणी चणे-फुटाण्यांची भट्टी लावत असे. पालखी गेली. धरणे झाली तसे उन्हाळ्यातले नदीचे वागणे बदलले, वाळू उपसली गेली आणि वाळूतली वाडीही कमी झाली. मासे धरण्याचे काम मात्र अजून चालू आहे.

विद्या जुनी आहे

ही विद्या अडाणी माणसांची म्हणून कोणी नाक मुरडू नये. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराने 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. आपला कऱ्हाड-कोल्हापूरचा मुलूख त्या काळी शिलाहारांकडे होता आणि शिलाहार चालुक्यांचे मांडलिक होते. या ग्रंथात 'मत्स्यविनोद' असा एक भाग आहे. गळाने मासे कसे धरावेत आणि कोणत्या माशाला कोणते आमिष द्यावे, हे एका राजाने त्यात लिहून ठेवले आहे.

पुढे इंग्रजी अंमलात कर्नल साइक्स नावाच्या अधिकाऱ्याने दख्खनच्या नद्यांतल्या माशांची शास्त्रीय वर्णने केली. ती १८३९ च्या सुमारास प्रसिद्ध झाली. माशांना लॅटिन नावे देताना त्याने आपल्या बोलीतलीच नावे उचलली. महसीर जातीच्या मोठ्या माशाचे नाव आजही जगभर 'टॉर खुडरी' असे आहे. 'सीन्गटी' म्हणजे आपली शिंगटी आणि 'कोलस' म्हणजे आपला कोळस. आपल्या नदीकाठची बोली अशी जगाच्या शास्त्रात जाऊन बसली आहे.

आणखी लांबचे एक उदाहरण देतो. उत्तर युरोपात फिनलंड म्हणून हजारो तळ्यांचा देश आहे. तिथे हिवाळ्यात तळी गोठतात. तेव्हा लोक बर्फाला भोके पाडून एका भोकातून दुसऱ्या भोकापर्यंत बर्फाखालून जाळे सारतात. आपल्या सापळ्यासारखेच लाकडी काड्यांचे सापळे त्यांच्याकडेही होते. १९१३ साली तिथल्या अँट्रिया भागात (आज हा भाग रशियात आहे) एक शेतकरी पाणथळ कुरणात चर खणत होता. त्याला चिखलात एक जाळे सापडले. विलो झाडाच्या सालीच्या वाखाचे, झाडाच्या सालीचे तरंगे आणि दगडांची वजने असलेले. अभ्यासकांच्या मते ते सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीचे आहे. त्याचे घर सुमारे सहा सेंटिमीटरांचे, म्हणजे आपल्या मापाने तीन बोटे. आबांना मी हे सांगितले, तेव्हा ते जराही चकित झाले नाहीत. "मासा सगळीकडं सारखाच की," एवढेच म्हणाले.

नायलॉन आला

१९६० नंतरच्या काळात नायलॉनचा दोरा आपल्याकडे पसरू लागला. तो कुजत नाही, साल पाजावी लागत नाही, वाळत घालावा लागत नाही. हलका आणि बळकट. भोयाच्या घरातले निम्मे कष्ट त्याने वाचवले, हे मान्य केले पाहिजे. तागाचे जाळे दोन-तीन पावसाळे टिके, नायलॉनचे कितीतरी अधिक. जुने ते सारे सोने असे मानणाऱ्यांतला मी नाही. आज वाईच्या औद्योगिक वसाहतीत कृत्रिम धाग्यांची मासेमारीची जाळी तयार होतात आणि परदेशांतही जातात. कृष्णेच्या उगमाजवळचे गाव जगाला जाळी पुरवते, ही अभिमानाची गोष्ट आहे.

पण सोय आली तशी एक अडचण आली. विणायला महिनोन् महिने लागत तेव्हा बारीक घरांचे जाळे परवडतच नसे. घर जितके लहान तितक्या गाठी जास्त. चार बोटांऐवजी दोन बोटांचे घर केले तर तेवढ्याच जाळ्याला चौपट गाठी लागतात. कष्ट वाचवण्यासाठी का होईना, माणूस मोठे घर ठेवी आणि लहान मासा वाचे. यंत्राने विणलेल्या जाळ्याला हा धरबंध राहिला नाही. तंगुसाचे बारीक जाळे पाण्यात दिसतही नाही आणि बाजारात किलोवर मिळते. शिवाय तुटून नदीत राहिलेले तागाचे जाळे कुजून जाई. नायलॉनचे तुकडे झाडाझुडपांत अडकून राहतात. मासे, कासवे आणि पाणसाप त्यांत मरत राहतात, कोणाच्याही पोटात न जाता.

चढणीचे मासे

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो. ती सांगायला मला बरे वाटत नाही, पण सांगितली पाहिजे.

माझे लहानपण पाटण तालुक्यातल्या एका ओढ्याकाठच्या गावात गेले. मृगाचा पाऊस पडला, ओढ्याला लाल पाणी आले की गावात हाळी उठे, "चढण लागली!" खालच्या नदीतले मासे नव्या पाण्याच्या वासाने वर चढू लागत. मळ्या, मुरी, कोळस, वांब, शिंगटी. दगडांवरून उड्या मारत ओढ्यात, ओढ्यातून चरात आणि चरातून भातखाचरात. आम्ही पोरे आईचे जुने लुगडे नाहीतर मच्छरदाणीचा तुकडा ओढ्यात आडवा धरत असू. एका तासात बुट्टी भरे. घरी मासे साफ करताना आई म्हणे, "सगळी गाभोळीची हायत रं." आम्हाला आनंदच होई, कारण गाभोळी खमंग लागते.

गाभोळी म्हणजे अंडी. मासा वर चढतो तो अंडी घालण्यासाठीच, हे मला पुढे शेतकी महाविद्यालयात कळले. रोहूच्या एक किलो वजनाच्या मादीच्या पोटात दोन लाखांच्या आसपास अंडी असतात. आमच्या ओढ्यातले मासे लहान, त्यांची अंडी त्या मानाने कमी. तरी एका बुट्टीत आम्ही किती पिढ्या घरी आणल्या, याचा हिशेब मी कधी केला नाही. आज त्या ओढ्याला चढण लागत नाही असे नाही. लागते, पण पोरांना बुट्टी न्यावी लागत नाही. एका तांब्यात मावतील एवढेच मासे असतात.

आबांना मी विचारले, तुम्ही चढणीचे मासे धरत नव्हता काय? ते म्हणाले, "धरत हुतो की. पर वड्याच्या सगळ्या तोंडाला सापळा लावायचा न्हाई, असं म्हातारी मानसं सांगायची. निम्मं तोंड मोकळं सोडायचं. चढलेला मासा उतरताना धरावा."

शास्त्राच्या भाषेत सांगायचे तर अंडी घालून झाल्यावर धरावा. समुद्रावरही पावसाळ्यात यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, त्याचे एक कारण हेच. ही बंदी सरकारी कागदाने येते. आमच्या ओढ्याला कागद नव्हता, जुन्या माणसांचे सांगणे होते, आणि ते आम्ही ऐकले नाही.

जाळ्याशिवायचे मारणे

जुन्या काळी सारेच साधू होते असेही नाही. गेळाची फळे आणि रामेठ्याची साल कुटून डोहात टाकायची आणि गुंगलेले मासे गोळा करायचे, ही रीत डोंगराळ भागात होती. ताग कुजवल्यानेही पाण्यातला प्राणवायू कमी होऊन डोहातले मासे वर येऊन धापा टाकत. पण तेवढ्या डोहापुरते ते नुकसान असे. पहिल्या पुरात सारे धुऊन निघे.

आज जे चालते ते वेगळे आहे. कोणी सुरुंगाची दारू टाकतो, कोणी तारेवर आकडा टाकून पाण्यात वीज सोडतो, कोणी कीटकनाशक ओततो. यात जाळ्याचे घर नाही, माप नाही. मोठा मासा मरतो, बोटाएवढे पिल्लू मरते, अंडी मरतात, माशाचे खाद्य असलेले किडे मरतात. विजेच्या नादात माणसेही दगावली आहेत. स्फोटकाने किंवा विषाने मासे मारणे हा १८९७ च्या भारतीय मत्स्योद्योग कायद्यापासूनच गुन्हा आहे. एवढा जुना कायदा असून तो आपल्या कानावर नाही.

आणि एक गुन्हा असा आहे की तो करताना आपल्याला मासे मारायचेच नसतात. नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका गावी मी फवारणीचे प्रात्यक्षिक दिले. काम झाल्यावर गड्याने पंप ओढ्यात धुतला. मी तिथेच उभा होतो. काही बोललो नाही, कारण त्या दिवशी मला ते खटकलेच नाही. दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या काठाला लहान मासे पांढरी पोटे वर करून पडले होते. एक म्हातारी ते पाटीत गोळा करत होती. तिला ते फेकून द्यायला लावताना माझी जीभ जड झाली. त्यानंतर एकही प्रात्यक्षिक मी पंप कुठे धुवायचा हे सांगितल्याशिवाय संपवलेले नाही.

२०२३ च्या मार्चमध्ये सांगलीजवळ कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले. उन्हाळ्यात नदीचे पाणी उतरते. त्यात मळी, सांडपाणी असे कुजणारे काही मिसळले की कुजण्याच्या क्रियेत पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासा बुडून मरावा तसा गुदमरतो. कारखान्याने आणि शहराने आपले पाहावे, हे खरे. त्यासाठी कायदे आहेत, लवाद आहे, आणि लोकांनी आवाज उठवलाही पाहिजे. पण ओढा आपल्या हातातला आहे. नदीतला निम्मा संसार ओढ्यातून जन्मतो.

आपण काय करावे?

शेतकरी बंधू-भगिनींनो, यातले काही खर्चाचे नाही.

फवारणीचा पंप ओढ्यात, पाटात किंवा विहिरीजवळ धुऊ नका. धुतलेले पाणी बांधावरच्या पडीक जागेत, पाण्यापासून दूर जिरवा. औषधाच्या रिकाम्या बाटल्या पाण्यात टाकू नका.

मृगापासून दीड-दोन महिने ओढ्याचे आणि खाचराच्या मोरीचे सगळे तोंड सापळ्याने किंवा जाळ्याने बंद करू नका. निम्मी वाट मोकळी सोडा. पोट फुगलेली, गाभोळीची मादी हाती लागली तर सोडून द्या.

मच्छरदाणीने मासे धरू नका. पोरांना मासे धरायची हौस असतेच, त्यांना गळ द्या. गळाने एका वेळी एकच मासा येतो आणि पोरगे दोन तास गप्प बसायला शिकते.

उन्हाळ्यात ओढ्यातला शेवटचा डोह मोटार लावून उपसू नका. पुढल्या पावसाचे बी त्या डोहातच असते.

तुटके जाळे पाण्यात सोडू नका, घरी आणा. वेलवर्गीय भाज्यांच्या मांडवाला किंवा कोंबड्यांच्या खुराड्याला त्याचा उपयोग होतो.

शेततळे असेल तर त्यात कटला, रोहू, मृगळ यांचे बी तालुक्याच्या मत्स्यखात्याला विचारून सोडा. चिलापी आणि परदेशी मांगूर सोडू नका. पुरात ते नदीत जातात आणि देशी माशांच्या मुळावर येतात. शेततळ्यातला मासा काढतानाही मोठ्या घराचे जाळे वापरा. पाव किलोचा मासा काढण्यापेक्षा तो किलोचा होऊ देण्यात फायदा आहे. हे तर व्यवहाराचेच गणित आहे.

परवा पुन्हा त्या गावी गेलो होतो. सभेनंतर तीन शेतकऱ्यांनी ताग पेरला होता, तो पिवळ्या फुलांवर आला होता. गाडायची वेळ झाली होती. आबांनी एका शेतकऱ्याकडून बांधाकडेच्या दोन ओळी मागून घेतल्या होत्या. त्या तेवढ्या उभ्या ठेवल्या होत्या.

"काय करणार आबा?"

"नातू तंगुसाचं आणतो बाजारातनं. आणू दे. पर सुई कशी धरायची ती एकदा तरी त्याच्या हाताला कळाया पायजे. लई नाय, हातभर पाग इणू."

नातू ओसरीवर बसून चाकूने बांबूची पट्टी तासत होता. कॉलेजात जाणारे पोरगे, हातात घड्याळ. मध्येच थांबून तो पट्टी आजोबांकडे धरी. आजोबा काही न बोलता आपली चार बोटे तिच्यावर आडवी ठेवीत आणि मान हलवीत. पट्टी अजून रुंद होती. ती थोडी रुंद राहिली तरी चालेल, असे मला वाटले. पण मी बोललो नाही. माप आबांचे होते.